एक रेघ, सही आणि तारीख

“असर्टेन,” अंकिता म्हणाली.

सुमंगला परातीत कणीक मळत होती. तिने मूठ उचलली, मनगटाने कपाळ खाजवलं आणि ओट्यावरच्या टाइलांकडे असं पाहिलं, जणू अर्थ तिथेच कुठेतरी चिकटवून ठेवला होता.

“सांगू?”

“थांब. फेकून देणे?”

“आई, ते डिस्कार्ड! कल भी तू यही बोली थी. असर्टेन म्हणजे... रुक,” अंकिताने कागद डोळ्यांजवळ धरला, “अभिनिश्चय करना.”

“म्हणजे काय?”

“आता ते मला काय मालूम? हिंदीत लिहिलंय, म्हणून वाचलं.”

बाहेरच्या खोलीत शालिग्राम, सुमंगलाचा नवरा, जळलेल्या मोटरची तांब्याची तार सोडवत बसला होता. मोटरा बांधून देण्याचं त्याचं दुकान स्टेशन रोडला होतं, पण अर्धं दुकान कायम घरातच असायचं. तिथूनच तो म्हणाला, “आमच्या मोटरीला बिचारीला अभिनिश्चय लागत नाही. तार नीट गुंडाळली की फिरते.”

“तुमच्या मोटरीला परदेशी बाई प्रश्न विचारायला येत नाही,” सुमंगलाने सुनावलं आणि कणकेला दोन बुक्के जास्तच घातले.

शालिग्राम पुन्हा तारेकडे वळला. तेवीस वर्षं पॅकिंग लाइनवर काढलेल्या बाईच्या बुक्क्यांतला जोर त्याला चांगला ठाऊक होता.

देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत सुमंगला खामकर गोळ्यांच्या पॅकिंग लाइनची इन्चार्ज होती. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क आणि पायात पांढरे बूट घालून ती लाइनच्या टोकाला उभी राहिली की आठ मुली आणि तीन यंत्रं निमूटपणे तिचं ऐकत. इंग्रजी तिच्या कामात नव्हतं असं नाही. बॅच, फॉइल, लेबल, कार्टन, ब्लिस्टर हे शब्द तिच्या तोंडी मीठ-मिरचीसारखे होते. पण गंमत अशी, की कारखान्यात वस्तूंची नावं तेवढी साहेबांची आणि करायची कामं सगळी आपल्या भाषेतली. फॉइल चढवा, लेबल मोजा, बॅच थांबवा, कार्टन बाजूला काढा. चढवणं, मोजणं, थांबवणं, बाजूला काढणं याला साहेब काय म्हणतो, हे विचारायची वेळ तेवीस वर्षांत कधी आलीच नव्हती.

ती आता आली होती. औषधं विकत घेणाऱ्या परदेशी मंडळींचं ऑडिट तीन आठवड्यांवर आलं होतं. गुणवत्ता विभागातल्या अंशुल सरांनी सगळ्या इन्चार्जना बोलावून चाळीस क्रियापदांचा कागद हातात दिला होता. ऍडव्हान्स्ड व्हर्ब्ज, असं वर ठळक छापलेलं, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे हिंदी अर्थ. हिंदी अर्थ कुठल्याशा सरकारी कोशातून उचललेले असावेत, कारण ते वाचल्यावर इंग्रजीच सोपं वाटायचं.

अंशुल सर मुलगा वाईट नव्हता. वय तिशीचं, दिवसाला दहा चहा, सदा घाईत. “मैडम, अपन को बस इतना करना है,” तो म्हणाला होता. “मैनुअल में यही शब्द हैं. वो इन्हीं में पूछेंगे. जो जवाब दे देगा, उसकी लाइन पक्की. जो नहीं दे पाएगा...” पुढचं त्याच्याच्याने बोलवेना. मग त्याने कागदाकडे बघतच सांगितलं, “उसको मैनेजमेंट कार्टन गोडाउन में भेजेगा. ऊपर से आया है, मेरे हाथ में कुछ नहीं.”

खोक्यांचं गोदाम. तिथे भवानीबाई होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तीही लाइनवरच होती, आणि तिचा आवाज यंत्रांवर चढायचा. नवीन संगणक जमेना म्हणून तिला गोदामात बसवली. आता ती जेवणाच्या सुट्टीत भेटली की हळू आवाजात बोलायची, शेजारी कोणी आजारी माणूस झोपलेला असावा तशी. सुमंगलाला पगाराची भीती नव्हती, पगार तोच राहणार होता. तिला त्या हळू आवाजाची भीती वाटत होती.

“मग मामांना विचार ना,” अंकिता दोन दिवसांनी म्हणाली. फोनमधलं भाषांतर वापरून दोघी थकल्या होत्या. अंकिताचं सगळं शिक्षण हिंदीतून, इंग्रजी तिचं बेताचंच, आणि मराठी ती बोलायची पण वाचायला गेली की अडखळायची. “मामा इंग्लिशचेच तर सर होते. आख्ख्या धार गावाला त्यांनी पास केलं.”

आख्ख्या धारला पास केलं हे खरंच होतं. एकटी बहीण तेवढी राहिली होती.

माधवदादा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. तो पंचविशीत शाळेवर लागला तेव्हा ती दहावीत होती. घराच्या ओसरीत त्याची शिकवणी भरायची, वीस-पंचवीस पोरं मांडी घालून बसायची आणि ही आतल्या दाराशी. निकाल लागला त्या दिवशी ती पोरं पेढे घेऊन आली होती. हिचं इंग्रजी राहिलं होतं. कुणीतरी विचारलं, “सर, दीदीचं काय झालं?” आणि माधवदादा सगळ्यांदेखत म्हणाला, “सुमंगलाच्या डोक्यात क्रियापद शिरत नाही.” पोरं हसली. तो चिडून म्हणाला होता की सहज, ते तिला आजतागायत कळलं नव्हतं. पूरक परीक्षेत ती पास झाली, बारावीही बाहेरून केली, लग्न होऊन देवासला आली. राखी, भाऊबीज, लग्नकार्य, सगळं रीतसर चालू होतं. पण त्या दिवसापासून तिने दादाला एकही गोष्ट विचारली नव्हती. रस्ता चुकली तरी ती दुसऱ्याला विचारायची.

शेवटी भवानीबाईनेच तिला बसमध्ये बसवलं म्हणायचं. शनिवारी दोघी हात धूत होत्या. भवानीबाई हळूच म्हणाली, “सुमंगलाताई, तिथे कबुतरं आहेत फार. बाकी काही त्रास नाही.” रविवारी सकाळी सुमंगला इंदूरला उतरली, गंगवालच्या स्टँडवर धारची बस धरली आणि वही पर्समध्ये इतकी खाली दडपली, जणू तिकीट तपासणारा तीच मागणार होता.

माधवदादा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मोतीबिंदू काढला होता, पण सदऱ्याच्या खिशातलं लाल पेन जागचं हललं नव्हतं. सुभद्रावहिनींनी पोह्यांवर मूठभर शेव घातली, ख्यालीखुशाली विचारली आणि त्या मुकाट आत गेल्या. नणंद राखीपौर्णिमा नसताना एकटी आली आहे म्हणजे काहीतरी आहे, एवढं त्यांना कळत होतं.

“दादा,” सुमंगला म्हणाली. पोहे संपले तरी ती चमच्याने बशी खरवडत होती. “मला थोडं विचारायचं होतं.”

माधवदादाने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. “विचार की.”

तिने कागद पुढे केला. तो त्याने वरपासून खालपर्यंत वाचला आणि अर्थांच्या रांगेपाशी त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हे कुणी लिहिलं? अभिनिश्चय! अगं, असर्टेन म्हणजे शहानिशा करणे. आपल्या घरात आजोबा दहा वेळा म्हणायचे, आधी शहानिशा करा.”

“शहानिशा?” सुमंगलाचा चेहरा उजळला. “एवढंच? ती तर मी रोज करते.”

“रोज? कशी?”

मग तिने सांगितलं. नवीन बॅच चालू करण्याआधी आधीच्या औषधाचं काहीही लाइनवर उरलेलं चालत नाही. एक गोळी नाही, एक लेबल नाही, खोक्यात घालायच्या माहितीचा एक पर्चा नाही. टॉर्च घेऊन यंत्राच्या सरकत्या पट्ट्याच्या खाली वाकून पाहायचं, ट्रे उलटे करायचे, कोपरे हाताने चाचपायचे. सगळं साफ आहे अशी खात्री झाली की मगच नोंदवहीत सही. ती सही झाल्याशिवाय यंत्राचं बटण दाबायची कोणाची टाप नाही.

माधवदादा ऐकत राहिला. मग एकेक क्रियापद घेऊन तो विचारू लागला. सेग्रिगेट म्हणजे वेगळं काढणे, तुम्ही काय वेगळं काढता? विदहोल्ड म्हणजे रोखून धरणे, काय रोखून धरता? तिच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तरात यंत्राचा आवाज, फॉइलचा वास आणि कुठल्यातरी मुलीने केलेला घोटाळा होता. तासाभराने तो म्हणाला, “सुमे, कामं तुला सगळी येतात गं. साहेब त्यांना काय म्हणतो, एवढंच कळायचं राहिलं होतं.”

तिला बरं वाटलं. पण तेवढंच. पस्तीस वर्षांचं साचलेलं एका वाक्याने थोडंच वाहून जातं!

दुपारी तो तिची वही तपासायला बसला. देवासला फोनवरून शोधून तिने काही अर्थ आधीच लिहून आणले होते. त्यात रिव्हीलच्या पुढे दडवणे आणि कन्सीलच्या पुढे उघड करणे, अशी उलटापालट झाली होती. माधवदादाने सवयीने लाल पेन काढलं आणि दडवणे या शब्दावर गचागच रेघोट्या ओढायला सुरुवात केली. पुढच्या क्षणी सुमंगलाने त्याचं मनगट धरलं.

चांगलं घट्ट धरलं. तिचं तिलाही नवल वाटलं.

“असं नाही करायचं, दादा.”

“अगं, चुकलंय ते!”

“चुकलं म्हणूनच. गिचमिड करायची नाही, खोडरबर नाही, पांढरी शाई तर मुळीच नाही. आमच्याकडे यावर माणसं घरी जातात. एकच रेघ मारायची, सरळ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, आणि सही, आणि तारीख.”

“चूक ती चूक. ती वाचायची कशाला?” पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या लाल करणाऱ्या माणसाने विचारलं.

“वाचता आली नाही की बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी लपवलंय. वाचता आली की कळतं, माणूस चुकला, त्याला ते दिसलं, आणि त्याने ते सुधारलं. आणि ज्याने रेघ मारली, सही त्याचीच हवी. तारीखही त्याच्याच हातची. चूक झाली त्या दिवशीची नाही, सुधारली त्या दिवशीची.”

माधवदादाने तिच्याकडे पाहिलं. ही एवढं सलग आपल्याशी शेवटचं कधी बोलली होती, ते त्याला आठवेना. मग त्याने उघड करणे या शब्दावर अगदी हळू, पट्टीने मारावी तशी एक रेघ मारली. शेजारी दडवणे असं लिहिलं. सही केली. तारीख घातली. आणि वही तिच्यापुढे धरली, पोरं त्याच्यापुढे धरायची तशी.

“हं, ठीक,” इन्चार्जबाई म्हणाल्या.

त्यानंतर माधवदादाला जोर चढला. रोज बरोबर एक वाजता, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, त्याचा फोन यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. “विदहोल्ड!” तो ओरडायचा. तोंडात घास असतानाच ती “रोखून धरणे!” म्हणायची आणि फोन बंद व्हायचा. शेजारच्या बायकांना आधी वाटलं, हिच्या घरी काहीतरी भांडण चाललंय. पुढचे दोन रविवारही ती धारला गेली. चाळीस क्रियापदं झाली. कणीक मळता मळता ती सगळी घडाघडा म्हणू लागली, तेव्हा शालिग्रामने अंकिताला विचारलं, “हिला परदेशात तर नेणार नाहीत ना?”

ऑडिटच्या आदल्या दिवशी अंशुल सर लाइनवर आला. नोंदवहीची पानं उलटत तो भाद्रपदातल्या एका पानापाशी थांबला आणि त्याने आवाज खाली आणला.

“मैडम, ये वाला पेज अगर खुल जाए, तो आप कुछ मत बोलना. मुझे बुला लेना. मैं सँभाल लूँगा.”

ते पान सुमंगलाला न बघताही दिसत होतं. गेल्या पावसाळ्यात तिने पट्ट्याखाली पाहिलं, कोपरे चाचपले, आणि लाइन साफ आहे अशी सही केली. यंत्र चालू झाल्यावर पंधरा मिनिटांनी टॉर्च खाली पडला म्हणून ती वाकली, तर पट्ट्याच्या लोखंडी पायामागे आधीच्या औषधाचा एक पर्चा घडी होऊन चिकटलेला. कोणीही पाहिलं नव्हतं. एप्रनच्या खिशात तो सहज मावला असता. तिने लाल बटण दाबलं. पंधरा मिनिटांत भरलेली सगळी खोकी पुन्हा उघडली, एकेक पर्चा पाहिला, दुपार त्यातच गेली. आणि नोंदवहीत स्वतःच्या सहीवर स्वतःच रेघ मारून शेजारी लिहिलं, लाइन साफ नव्हती. वरच्या साहेबांनी त्या दिवशी तिला मुलींसमोर असं काही फैलावर घेतलं, की तिने घरी जाऊन ब्रही काढला नाही.

रात्री तिला झोप नीट लागली. सकाळी मात्र बूट घालताना चाळीसपैकी अकराच आठवत होती.

परदेशी बाई साठीची असावी. पांढरे केस टोपीत कोंबलेले, डोळे मवाळ, पण हात भराभर पानं उलटणारे. तिच्यामागे वरचे साहेब, त्यांच्यामागे अंशुल सर, आणि सगळ्यांचे चेहरे मास्कमध्ये, म्हणून कोण किती घाबरलंय ते कळायला मार्ग नव्हता. बाईने दोन-तीन साधे प्रश्न विचारले. सुमंगलाने उत्तरं दिली. सेग्रिगेट आलं, डिस्कार्ड आलं. तिला वाटलं, निभावलं.

आणि बाईचा हात भाद्रपदातल्या पानावर थांबला.

बाईने ती रेघ पाहिली. रेघेखालचं वाचलं. शेजारचं बोटाने दाखवून विचारलं, “हे कोणी लिहिलं?”

अंशुल सर पुढे सरसावला. “मॅडम, आय कॅन एक्स्प्लेन...”

बाईने नुसता हात वर केला. तिला सुमंगलाकडून ऐकायचं होतं.

सुमंगलाच्या तोंडचं पाणी पळालं. उरलेली अकरा क्रियापदंही पळाली. कानात यंत्राची घरघर आणि डोळ्यांपुढे गोदामातली कबुतरं. अंशुल सर मास्कच्या वरून डोळ्यांनी सांगत होता, गप्प राहा. गप्प राहणं सोपं होतं. तो काहीतरी लांबलचक इंग्रजी बोलला असता, पान उलटलं गेलं असतं. पण ते पान तिचं होतं. सही तिची होती.

“आय,” ती म्हणाली. “माय मिस्टेक. आय साइन. आफ्टर, आय सी पेपर. आय स्टॉप मशीन. आय ओपन ऑल बॉक्स. आय राइट.”

तिसरी-चौथीतल्या पोराची क्रियापदं. पण एकही खोटं नव्हतं.

बाईने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “कोणी पाहिलं नसणार. कागद टाकून देता आला असता. का नाही टाकलास?”

सुमंगलाला प्रश्न पुरता कळला. उत्तर मराठीत तयारही होतं. आणि नेमकं त्याच वेळी वहीतलं ते पान तिच्यासमोर आलं. लाल शाई, सरळ एक रेघ, शेजारी दादाचं वळणदार अक्षर.

“आय नॉट कन्सील,” ती म्हणाली.

मग नोंदवहीतल्या रेघेवर तिने बोट ठेवलं. “वन लाइन. यू कॅन रीड. सो यू ट्रस्ट.”

बाईने आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं, बरंच लिहिलं, आणि जाताना मान लववून थँक यू म्हणाली. ते चांगलं होतं की वाईट, हे विचारायची सोय नव्हती. सुमंगला लाइनच्या टोकाला उभी राहिली आणि तिने मुलींना सांगितलं, “चलो, ट्रे पलटाओ.”

निकाल तीन दिवसांनी आला. ऑडिटमध्ये कंपनी पास झाली, छतावरच्या पंख्यांबद्दल आणि हात धुण्याच्या जागेबद्दल चार शेरे मिळाले, आणि सूचनाफलकावर इन्चार्जची नवी यादी लागली. तिसऱ्या लाइनपुढे सुमंगला खामकर. तिने ते नाव दोनदा वाचलं. मग अंशुल सर आला, हातात अकरावा चहा. “मैडम, आपने तो उस दिन मेरी जान ही निकाल दी थी. पता है, रिपोर्ट में क्या लिखा है? पूरे प्लांट में सबसे भरोसे का रिकॉर्ड लाइन तीन का. वही पेज का हवाला दिया है!”

सुमंगलाचा जीव भांड्यात पडला. ती सरळ कँटीनमागच्या कडुलिंबाखाली गेली, ओट्यावर बसली आणि पाच मिनिटं नुसती श्वास घेत राहिली. इतका मोकळा श्वास तिने तीन आठवड्यांत घेतला नव्हता. मग तिला हसू फुटलं, एकटीलाच. भवानीबाई गोदामातून बाहेर आली आणि ते बघून तीही हसली, चक्क मोठ्याने. घरी शालिग्रामने जिलबी आणून ठेवली होती. “अभिनिश्चय झाला म्हणायचा,” तो म्हणाला, आणि या वेळी कणकेला जास्तीचा बुक्का बसला नाही.

दादाला तिने फोनवर सगळं सांगितलं, कन्सीलसकट. मग तो म्हणाला, “हं. वाक्यात डिड राहिला.” आणि फोन ठेवला.

रविवारी ती पेढे घेऊन धारला गेली. सुभद्रावहिनींनी पेढा देवापुढे ठेवला. दादाने तो अर्धाच खाल्ला आणि म्हणाला, “वही आणलीस? दे बघू.” ती वहिनींबरोबर आत गप्पा मारत बसली. निघताना त्याने वही स्वतःच्या हाताने तिच्या पर्समध्ये घातली आणि स्टँडवर सोडायला तो बरोबर आला, जे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. बस सुटेपर्यंत तो उन्हात उभा होता.

बसने शहराबाहेरचं वळण घेतलं तेव्हा सुमंगलाने वही उघडली. चाळीस क्रियापदं संपत होती त्याच्या पुढचं पान कोरं असायला हवं होतं. ते कोरं नव्हतं. मधोमध लाल शाईत, पोरांच्या वहीत शेरा लिहावा तशा अक्षरात लिहिलं होतं:

सुमंगलाच्या डोक्यात क्रियापद शिरत नाही.

त्या वाक्यावर एक रेघ होती. सरळ, हळू मारलेली, खालचं अक्षरन् अक्षर वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं होतं, शिरतं. आणि खाली त्याची सही.

सुमंगलाचे डोळे भरून आले. शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून ती खिडकीकडे वळली. गव्हाची शेतं मागे जात होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने डोळे पुसून पुन्हा पानाकडे पाहिलं, आणि तेवीस वर्षांच्या सवयीने तिची नजर सहीवरून खाली घसरली. तिने फोन लावला.

“दादा.”

“हं.”

“तारीख राहिली.”

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. “वाचलंस तर. मुद्दाम नाही गं राहिली. कुठली टाकावी ते कळेना. तेव्हाची की आजची?”

“तेव्हाची नसते टाकायची. सांगितलं होतं ना.”

“मग आजची टाक तू.”

“मला टाकता येत नाही,” सुमंगला म्हणाली. तिचा आवाज लाइनवर असतो तितकाच ठाम होता. “ज्याची सही, त्याच्याच हातची तारीख.”

“मग आता?”

“रविवारी येते वही घेऊन.”

“पण मग तारीख रविवारची पडेल.”

“पडू दे की,” ती म्हणाली. “मागची तारीख आमच्याकडे चालत नाही.”

तिने फोन ठेवला, वही मिटली आणि या वेळी ती पर्समध्ये खाली न दडपता मांडीवरच ठेवली. कंडक्टर तिकिटं बघत आला, तेव्हा तिने पेढ्यांच्या पुड्यातला उरलेला एक पेढा त्याच्या हातावर ठेवला.